ठराव मंजूर झाला, पुढे काय? जिल्हा परिषदेनं सरकारकडे मागायचं कसं, याचा थोडा इतिहास

आज जरा मोठं लिहितोय. सवड असेल तेव्हा वाचा, पण वाचा. विशेषतः जे कधी ना कधी ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेला उभे राहिलेत किंवा राहणार आहेत, त्यांनी.

पीआरसी येणार म्हटलं की कुठल्याही जिल्हा परिषदेत काय धावपळ होते, हे पत्रकारांना माहीत आहे. पीआरसी म्हणजे विधिमंडळाची पंचायत राज समिती. दोन्ही सभागृहांचे आमदार असतात. ते जिल्ह्यात येतात, लेखापरीक्षणातले आक्षेप काढतात, शाळा पाहतात, आरोग्य केंद्र पाहतात, अधिकाऱ्यांना उभं करून विचारतात. चांगली गोष्ट आहे. विचारलंच पाहिजे.

पण मला वीस वर्षांच्या बातमीदारीत एक प्रश्न नेहमी पडत आलाय. मुंबईचे आमदार जिल्हा परिषदेला जाब विचारायला येतात, मग जिल्हा परिषद कधी मुंबईला जाऊन विचारते का? "बाबांनो, आमच्या जिल्ह्याला या वर्षी विधिमंडळाकडून या पाच गोष्टी हव्यात, त्यांचं काय केलं?" असं विचारायची काही रीत आपल्याकडे आहे का?

उत्तर आहे : ठराव. सर्वसाधारण सभेत ठराव होतो. "शासनाकडे शिफारस करण्यात येते" असं शेवटी लिहिलं जातं. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. दुसऱ्या दिवशी आम्ही बातमी लावतो. तिसऱ्या दिवसापासून त्या ठरावाचं काय होतं, ते कोणी विचारत नाही. आम्हीही नाही, हे कबूल करतो.

माझे काका पंचायत समितीचे सदस्य होते. आमच्या शिवारातल्या नाल्यावर पूल व्हावा म्हणून त्यांनी ठराव घेतला. नुसता घेतला नाही, त्याची प्रत पिशवीत टाकून हिवाळी अधिवेशनात एसटीनं नागपूरला गेले. दोन दिवस थांबले. एका आमदारांच्या हातात दिली, एका खात्यात आवक नंबर घेतला. काही महिन्यांनी उत्तर आलं. आपलं निवेदन मिळालं, पुढील कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवलं, एवढंच. कोणतं खातं होतं ते सांगत नाही, कारण कोणत्याही खात्याचं उत्तर तेच असतं. संबंधित म्हणजे कोण, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी तेव्हा कॉलेजात. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काका, ठराव पास झालाय, करावंच लागेल त्यांना." ते म्हणाले, "ठराव पास झाला म्हंजे काम झालं असं नसते बाप्पा. ठराव म्हंजे आपण आपल्यातच केलेली गोष्ट असते."

पुढे तिथं रपटा झाला. ठरावातून नाही, आमदार निधीतून, निवडणुकीच्या वर्षी.

हे असं का झालं, कधीपासून झालं, हे शोधायला गेलो तर पार शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

आपण नेमके कोणाचे?

आमच्या कारंजा भागाची गंमत आहे. १९०५ च्या आधी हा भाग मूर्तिजापूर तालुक्यासह अमरावती जिल्ह्यात होता. तेव्हा वाशिम हा वेगळा जिल्हा होता, इंग्रजीत बासिम लिहायचे. १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली. वाशिम जिल्हा मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला आणि मूर्तिजापूर तालुकाही अमरावतीतून अकोल्यात आला. मग १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला आणि आम्ही वाशिमचे झालो. गाव तिथंच, जिल्ह्याचं ठिकाण मात्र दोनदा बदललं. आजही धनजच्या माणसाला वाशिमपेक्षा अमरावती जवळ पडते. दवाखाना, बाजार, कॉलेज अमरावतीला आणि कागद वाशिमला.

वऱ्हाडाचं स्वतःचंही तसंच. १८५३ च्या तहानं हा मुलूख निजामानं इंग्रजांच्या ताब्यात दिला, पण मालकी निजामाचीच राहिली. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं. कागदावर आपण ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतोच. त्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कायदे कौन्सिलात वऱ्हाडातून लोक निवडून जायचे, पण कायद्यानं त्यांना "निवडून आलेले" म्हणता येत नव्हतं. इथं मतदान व्हायचं आणि मग निवडून आलेल्या माणसाची सरकार नेमणूक करायचं! मत देणारा वऱ्हाडी, सही सरकारची. आपलं म्हणणं वर पोचवायला मध्ये कोणाची तरी मेहेरबानी लागते, ही सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे.

एक माणूस, ज्यानं दोन्ही टोकं जोडली

तरी त्या काळात एक उदाहरण घडलं. शेजारच्या अमरावतीत.

डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होऊन आले आणि १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आज जी जिल्हा परिषद, तिचीच ही आधीची पिढी. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी काय केलं? सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं ठरवलं, आणि त्यासाठी पैसे लागतात म्हणून कर वाढवला. आज कोणता अध्यक्ष कर वाढवून निवडणुकीला सामोरा जाईल, विचार करा.

दोन वर्षांनी, १९३० मध्ये, तेच पंजाबराव प्रांताच्या कायदे कौन्सिलात गेले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती, सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. जिल्ह्यात ज्या गोष्टींसाठी डोकं आपटलं, त्याच गोष्टींची खाती. जिल्ह्याची यादी घेऊन मुंबईला (तेव्हा नागपूरला) जायला वेगळा माणूस लागला नाही, यादी करणाराच तिथं जाऊन बसला.

पण हे एका माणसाच्या कर्तृत्वानं झालं. पद्धत म्हणून नाही. माणूस दिल्लीला गेला, देशाचा कृषिमंत्री झाला, आणि इकडे जिल्हा कौन्सिल पुन्हा निवेदनं लिहीत बसलं. १९४८ मध्ये मध्य प्रांतात जिल्ह्याऐवजी तालुक्यागणिक जनपद सभांचा प्रयोग झाला, तोही फार टिकला नाही.

नाईक समितीनं काय ठरवलं

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा तीन तऱ्हेची स्थानिक सरकारं एकत्र आली. मुंबई भागातली लोकल बोर्डं, मराठवाड्यातली निजामी वळणाची बोर्डं आणि आपल्याकडच्या जनपद सभा. एक रीत लावायला सरकारनं जून १९६० मध्ये समिती नेमली. अध्यक्ष होते महसूलमंत्री वसंतराव नाईक, आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला, २२६ शिफारशी होत्या. त्यावरून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात २५ जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मुंबई सोडून प्रत्येक जिल्ह्याला एक. आज त्या ३४ आहेत.

देशभर तेव्हा बलवंतराय मेहता समितीचा (१९५७) बोलबाला होता. मेहता म्हणत होते, गट म्हणजे तालुका पातळी बळकट करा. नाईकांनी ते ऐकलं नाही. ते म्हणाले, पैसा, माणसं आणि नियोजन पेलेल असा घटक जिल्हाच. ही दृष्टी मोठी होती. शाळा, दवाखाने, रस्ते, पशुवैद्यकीय, शेतीच्या योजना सगळं जिल्हा परिषदेकडे आलं.

दुसरी गोष्ट, जी आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. नाईक समितीनं आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. इतर बऱ्याच राज्यांत आमदार हा जिल्हा परिषदेचा सदस्य असतो. आपल्याकडे नाही. कारण साधं होतं. आमदार सभेत बसला की बाकीचे माना डोलावतात. त्याला बाहेर ठेवलं तर गावागावांतून नवी माणसं तयार होतील.

आणि झालीही. आर. आर. पाटील सांगलीच्या जिल्हा परिषदेतून वर आले. पुढे ग्रामविकासमंत्री झाल्यावर त्यांनी संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, ते गावचा कारभार आतून माहीत असल्यामुळेच. असे कितीतरी.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. आमदार सभेत नाही म्हटल्यावर सभेत काय मागितलं गेलं हे आमदाराला कानावर पडायचं कारण उरलं नाही. भिंत बांधली ती चांगल्या हेतूनं, पण भिंतीला दार ठेवायचं राहिलं.

दार नव्हतंच असं नाही

खरं तर राज्यघटनेनं एक दार ठेवलेलं आहे. विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यातल्या २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. आपला मतदारसंघ अकोला-बुलढाणा-वाशिम. या आमदाराला तुम्ही-मी मत देत नाही. जिल्हा परिषद सदस्य आणि नगरसेवक देतात. म्हणजे हा आमदार नेमका कोणाचा? जिल्हा परिषदेचा आणि नगरपालिकेचा. घटनाकारांच्या मनात हेच होतं की स्थानिक संस्थांचं गाऱ्हाणं सभागृहात मांडायला त्यांचा हक्काचा माणूस असावा.

आता या निवडणुकीत काय काय चर्चा होते, हे तुम्हीही ऐकून आहात, मी लिहायला नको. मी इतकंच विचारतो, की गेल्या तीन-चार निवडणुकांत एकाही जिल्हा परिषदेनं उमेदवाराला बसवून "ही आमची यादी, यावर तू काय करणार" असं विचारल्याचं तुम्हाला आठवतं का? मला तर आठवत नाही.

अधिकार हळूहळू कसे गेले

१९६२ ते १९७२ ही दहा वर्षं जिल्हा परिषदांची भरभराटीची. अध्यक्षाच्या गाडीला जिल्ह्यात वजन होतं. मग १९७४ च्या सुमारास जिल्हा नियोजन व विकास मंडळं आली. अध्यक्ष पालकमंत्री, कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे. जिल्ह्याच्या योजनेची किल्ली जिल्हा परिषदेच्या खिशातून तिकडे गेली. पुढे १९९८ च्या कायद्यानं जिल्हा नियोजन समिती झाली. तिच्यात चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून निवडून जायचे असतात, पण खुर्चीवर पालकमंत्रीच.

निवडणुकांचंही तेच. १९६२, १९६७, १९७२ अशा वेळेवर झाल्या. मग १९७९ ला. आणि त्यानंतर थेट १९९२ ला! तेरा वर्षं. निवडून आलेल्यांना मुदतवाढ, मग प्रशासक. या सगळ्या काळात समित्या मात्र आल्या. १९७० ची बोंगिरवार समिती, २०२ शिफारशी. १९८४ ची प्राचार्य पी. बी. पाटील समिती, १८४ शिफारशी. अहवाल चांगले होते. कपाटंही चांगली होती.

मग ७३ वी घटनादुरुस्ती आली. २४ एप्रिल १९९३ पासून लागू. पाच वर्षांनी निवडणूक सक्तीची, महिलांना आरक्षण, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग, आणि अकराव्या परिशिष्टात २९ विषय. पण त्यात एक मेख आहे. कलम २४३-छ म्हणतं, राज्याचं विधिमंडळ कायद्यानं हे अधिकार "देऊ शकेल". देईलच असं नाही. म्हणजे घोडं पुन्हा विधिमंडळाच्या दारातच येऊन उभं राहिलं. केरळनं १९९६ मध्ये ठरवून योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांच्या हाती दिला. तिथल्या विधिमंडळाला वाटलं म्हणून दिला.

आपल्याकडे? प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली तर तिच्यासाठी वेगळी यंत्रणा. शिक्षक जिल्हा परिषदेचे, पण २०१७ नंतर बदल्यांचं धोरण आणि संगणक मंत्रालयाचा. गावातल्या सिमेंट रस्त्यासाठी '२५१५' हे लेखाशीर्ष, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं. २५१५ हा आकडा गावातल्या पोरांनाही पाठ आहे. शिवाय आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी. जिल्हा परिषद सदस्याकडे काय? सेस फंडातला तुकडा.

हा सेस काय असतो तेही सांगतो. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागं जिल्हा परिषदेचा २० पैसे कर, ही मूळ तरतूद. तुमच्या घरची शेतसाऱ्याची पावती काढून बघा, एकराला किती रुपये येतात. त्याच्यावर २० पैसे. वाढीव सेसची तरतूद आहे, मुद्रांक शुल्कातला एक टक्काही मिळतो. पण जिथं जमिनीचे भाव चढे आणि खरेदीखतं ढिगानं, तिथं मुद्रांकाचा पैसा. पुण्याच्या भोवतीच्या गावांची गोष्ट वेगळी आणि मानोरा, मालेगावची वेगळी. नीती आयोगानं २०१८ मध्ये देशातले मागास म्हणून जे 'आकांक्षित' जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते. वाशिम त्यातला एक. म्हणजे गरज जास्त आणि स्वतःचं उत्पन्न कमी. अशा जिल्ह्यानं तर विधिमंडळाकडे तोंड उघडून मागायला पाहिजे.

२०२१ : कायदा मुंबईचा, फटका वाशिमला

"कायद्याचं आपल्याला काय, आपण रस्ता-नाली बघावी" असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रसंग सांगतो. जुना नाही.

वाशिम जिल्हा परिषदेत ५२ जागा. जानेवारी २०२० मध्ये निवडणूक झाली. १९६१ च्या कायद्यात १९९४ ला दुरुस्ती करून ओबीसींना २७ टक्के जागा ठेवल्या होत्या, आकडा थेट कायद्यातच. आपल्यासारख्या जिल्ह्यांत अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा लोकसंख्येप्रमाणं आधीच बऱ्याच. त्यावर २७ टक्के मिळवले की बेरीज ५० च्या वर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. विकास किसनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन. ४ मार्च २०२१ ला निकाल आला : एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर जाता कामा नये, आणि ओबीसी आरक्षणासाठी आयोग नेमून माहिती गोळा करा, मग टक्का ठरवा. वाशिम, अकोला, नागपूर इथल्या ओबीसी जागांच्या निवडणुका रद्द ठरल्या.

वाशिममध्ये १४ जागांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. ५ ऑक्टोबर २०२१ ला. वर्षभर सदस्य म्हणून काम केलेली माणसं घरी बसली. त्यांचा काय दोष? त्यांनी कायद्यानं दिलेल्या जागेवर निवडणूक लढवली होती. मतदारांचा काय दोष? ओबीसी समाजाचा तर काहीच नाही, त्यांची जागा गेली ती माहिती गोळा न केल्यामुळं. न्यायालयानं २०१० मध्येच एका निकालात सांगून ठेवलं होतं की स्थानिक संस्थांतल्या या आरक्षणाला आकडेवारीचा आधार लागेल. म्हणजे हाताशी दहा वर्षं होती. दुरुस्ती करायची ती विधिमंडळानं. आणि ज्यांच्या गळ्याशी हे येणार होतं त्या जिल्हा परिषदांनी या दहा वर्षांत "हे कलम दुरुस्त करा, नाहीतर आमच्या जागा जातील" असं एका आवाजात सांगितलं असतं तर?

पुढचं तुम्हाला माहीत आहे. राज्यभर निवडणुका अडकल्या. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, तरी तारखा पुढं सरकत राहिल्या.

प्रशासक म्हणून अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही. काही तर आपल्या सदस्यांपेक्षा सकाळी लवकर कचेरीत येतात. पण प्रशासक असताना सर्वसाधारण सभा नाही, विषय समित्या नाहीत. नियोजन समितीतल्या जिल्हा परिषदेच्या जागा रिकाम्या. विधान परिषदेच्या स्थानिक संस्था मतदारसंघांतल्या अनेक जागा राज्यात रिकाम्या पडल्या, कारण मतदारच शिल्लक नाहीत. आणि केंद्रीय वित्त आयोगाचा पैसा निवडून आलेली संस्था असेल तरच, अशी अट. म्हणजे मागायचं दारही बंद आणि मिळायचं तेही अडलेलं. अधिकारी शासनाचा नोकर. तो शासनाकडे जिल्ह्याच्या वतीनं भांडणार कसा? त्याला भांडायला लावणंही बरोबर नाही.

दुसरीकडे कसं करतात

माझा एक वर्गमित्र अमेरिकेत व्हर्जिनियात असतो. फोनवर बोलताना हा विषय निघाला. त्यांच्याकडे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. तो राहतो ती फेअरफॅक्स काउंटी. तिथं राज्याचं विधिमंडळ जानेवारीत भरतं. त्याच्या आधी काउंटीचं निवडून आलेलं मंडळ एक दस्त मंजूर करतं : या अधिवेशनात आम्हाला काय हवं, कोणत्या कायद्याला आमचा पाठिंबा, कोणत्याला विरोध. शाळांचा पैसा, रस्ते, कर लावायचे अधिकार. त्यावर लोकांना बोलता येतं, तो छापला जातो, आणि त्या भागातल्या आमदारांना बसवून समजावून सांगितला जातो. अधिवेशन संपलं की कोणतं झालं, कोणतं नाही, याचा हिशेब.

मी म्हटलं, त्यांना अधिकार जास्त असतील. तर तो म्हणाला उलट आहे. व्हर्जिनियात नियम असा, की राज्यानं कायद्यानं दिलं तेवढंच काउंटीनं करायचं, त्याबाहेर बोटही लावायचं नाही. १८६८ मध्ये आयोवा राज्यातल्या डिलन नावाच्या न्यायाधीशानं हे तत्त्व मांडलं, म्हणून डिलनचा नियम म्हणतात. अधिकार कमी आहेत म्हणूनच यादी करावी लागते.

हे ऐकून मी गप्प झालो. आपली अवस्था हीच की! आपल्यालाही विधिमंडळानं दिलं तेवढंच. फरक यादीचा.

मग करायचं काय?

निवडणूक आज ना उद्या होईल. नवे सदस्य येतील, हार-तुरे होतील. तेव्हाच्या पहिल्या दोन-तीन सभांत एक काम व्हावं. शंभर ठराव नकोत. पाच मुद्द्यांची एकच यादी. सर्व पक्षांच्या सह्यांची. जिल्ह्याचे तीन आमदार (रिसोड, वाशिम, कारंजा), स्थानिक संस्थांचे आमदार आणि खासदार यांना समोर बसवून द्यायची. माझ्या मते त्यात हे असावं :

१) जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेनं शासनाकडे केलेल्या शिफारशीला ठराविक दिवसांत हो किंवा नाही असं कारणासह उत्तर द्यायचं कायद्यानं बंधन. "संबंधितांकडे पाठवले" हे उत्तर धरायचं नाही.

२) कमी उत्पन्नाच्या जिल्हा परिषदांना सेसला पूरक असं वेगळं, बिनशर्त अनुदान. कोणती शाळा दुरुस्त करायची हे रिसोडच्या सभेला ठरवू द्या.

३) नियोजन समितीच्या अध्यक्षपदाचा फेरविचार. निदान उपाध्यक्षपद तरी जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे.

४) मुदत संपायच्या आत निवडणूक झाली नाही तर जबाबदारी कोणाची, हे कायद्यात स्पष्ट. प्रभागरचना आणि आरक्षणाची माहिती आधीच तयार ठेवायचं वेळापत्रक.

५) पीआरसीच्या दौऱ्यात अर्धा दिवस उलट सुनावणी. आमदारांनी विचारून झालं की सदस्यांनी विचारायचं.

यातला एकही मुद्दा कोणत्या पक्षाचा नाही. काहींना तिसरा पटणार नाही, पालकमंत्र्यांशिवाय पैसा येत नाही असं म्हणतील. म्हणा. पण म्हणा सभेत, कागदावर. वाद तरी होऊ द्या.

आणि आमच्या पेशाबद्दलही एक. आम्ही "ठराव मंजूर" ही बातमी लावतो, सहा महिन्यांनी "त्या ठरावाचं काय झालं" ही लावत नाही. मी या पुढे लावणार आहे. तुमच्या गावच्या, तुमच्या गणाच्या जुन्या ठरावाची प्रत कोणाकडे असेल तर फोटो पाठवा. तारीख आणि ठराव क्रमांक दिसेल असा. उत्तर आलं असेल तर तेही. मी एकेकाचा माग काढतो.

सुरुवात घरूनच केली आहे. काकांच्या त्या पुलाचा ठराव सापडलाय, आवक नंबरासकट. गेल्या आठवड्यात माहिती अधिकारात अर्ज टाकला. "संबंधित" म्हणजे कोण, एवढंच विचारलंय.

उत्तर आलं की कळवतो.